नियमित उत्पन्नाचा दाखला

घरमालकिणीचा मुलगा आला तेव्हा कुलूपवाला नुकताच जेवायला बसला होता. "उठू नका, उठू नका," म्हणत मुलगा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तरी जो आत येत नाही, तो काहीतरी जड घेऊन आलेला असतो. वीस वर्षं लोकांच्या दारांशीच गाठ असलेल्या माणसाला एवढं कळत होतं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"आई गेली, आता आम्ही भावंडं हे सगळं विकणार आहोत," मुलगा म्हणाला. "तुम्ही जुने, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. नाहीतर बाहेरचं गिऱ्हाईक तयार आहे. आठ महिने थांबतो. त्याच्यावर एक दिवस नाही."

'हे सगळं' म्हणजे वरच्या दोन खोल्या, ज्यात कुलूपवाला, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि म्हातारे वडील राहत होते. आणि खाली, जिन्याच्या पोटात, एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढं दुकान. दुकान वडिलांनी थाटलेलं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, फळीवर किल्ल्या कापायचं मशीन, आणि मशीनखाली पितळेचा कीस, जो कितीही झाडला तरी पायाला लागून वर घरात यायचा. आसपास कुणाची किल्ली हरवली की पाय आपोआप त्या जिन्याकडे वळत. घर गेलं तर दुकान जाणार, आणि दुकान गेलं तर या वयात नवं गिऱ्हाईक कुठून उभं करायचं?

वडिलांनी त्याला हात शिकवला तसा एक नियमही शिकवला होता. कुलूप कुणाचंही उघडता येतं, म्हणूनच ज्याचं दार त्याच्यासाठीच उघडायचं. त्यासाठी एक वही असे. ज्यानं बोलावलं त्याचं नाव, पत्ता, किती पैसे घेतले ते, आणि शेवटच्या रकान्यात घरवाल्याची सही. सही झाल्याशिवाय तार कुलपात घालायची नाही. म्हाताऱ्याच्या कानांनी आता दगा दिला होता, पण रोज संध्याकाळी वही मागवून घेऊन तो शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवायचा.

त्या वह्यांचाच गठ्ठा बगलेत मारून कुलूपवाला बँकेत गेला.

कर्जाच्या टेबलावर चष्मेवाल्या मॅडम होत्या. बाई स्वभावानं चांगली. तिनं बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"महिन्याला किती मिळतात?"

"ते लोक किती किल्ल्या हरवतात त्याच्यावर आहे, मॅडम."

मॅडम हसल्या. "तरी, सरासरी?"

त्यानं वह्या पुढे केल्या. मॅडमनी एक उघडली, चार पानं चाळली, आणि त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. ओळीमागून ओळ, तारखेमागून तारीख, शेवटी कुणाची लपेटदार सही, कुणाची थरथरती, कुणाचा नुसता अंगठा.

"हे सगळं खरं आहे, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या डोळ्यांना दिसून उपयोग नाही. फाईल वर जाते. वरच्यांना तीन वर्षांचे रिटर्न लागतात, खात्यात आलेले पैसे लागतात. तुमचा एकच रिटर्न आहे, आणि त्यात तुम्ही अगदीच गरीब दिसता."

"रिटर्न भरून देणाऱ्यानं सांगितलं होतं, कमीच दाखवा म्हणून."

"कर भरताना गरीब आणि कर्ज मागताना श्रीमंत, दोन्ही कसं जमणार हो?" बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. थोडा वेळ पेन बोटांत फिरवून त्या म्हणाल्या, "तुमची बायको काय करते?"

"आजारी माणसांजवळ बसते, दिवसपाळीला. माणूस बरं झालं की काम संपतं."

"आणि नाही झालं तर?"

"तरी संपतंच."

मॅडमनी वही मिटली. "एक मार्ग आहे. तुम्हाला कुणी ठरलेलं काम दिलं, दर महिन्याला, पैसे खात्यात, आणि तसं पत्र दिलं, तर ते नियमित उत्पन्न धरता येतं. अशा सहा महिन्यांच्या नोंदी आणा. मग मी फाईल पुढे ढकलते. नंबर लिहून ठेवा तुमचा."

त्यानं नंबर लिहिला. कुलूपवाल्याला ठरलेलं काम कोण देणार, हे मात्र त्याला सुचेना. कुलूप अडतं तेव्हाच माणसाला कुलूपवाला आठवतो.

परतताना तो काचवाल्याच्या दुकानाशी थांबला. काचवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. खिडक्यांना काचा बसवायचा, आरसे कापून द्यायचा. तोही हातावर पोट असलेला, पण तीन वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून लांबच्या वसाहतीत घर घेतलं होतं. घेतलं त्या दिवशी त्यानं कुलूपवाल्याला बोलावलं आणि म्हणाला होता, "असं कुलूप बसव, की तुलासुद्धा उघडता येऊ नये." कुलूपवाल्यानं बसवलं होतं. पैसे घेतले नव्हते.

"तू कागदपत्रं कशी केलीस रे?" त्यानं विचारलं.

काचवाला हातातली काच पुसत राहिला. काच स्वच्छच होती. "एक जण देतो करून. त्यानं माझी तीन वर्षं कागदावर अशी फुगवली, की वाचून मलाच माझा हेवा वाटला." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "तू नको जाऊस त्याच्याकडे."

"का?"

"नको जाऊस म्हटलं ना." आणि दिवसाउजेडी, दुपारी तीनला, त्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं.

आठ-दहा दिवसांनी जिन्याखालच्या दुकानाशी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पातळ फाईल. तो इतका हळू बोलायचा की समोरच्याला पुढे वाकावं लागे. कुलूपवाल्यानं पहिल्याच दिवशी मनातल्या मनात त्याचं नाव मऊसाहेब ठेवलं.

"तुमचा नंबर बँकेतून मिळाला, मिस्त्री. मी वसुलीच्या खात्याचं काम बघतो. ज्यांचे हप्ते थकतात, त्यांच्या घराचा ताबा घ्यावा लागतो. कोर्टाचा हुकूम असतो, पोलीस बरोबर असतात, सगळं कायद्यानं. तुम्ही फक्त जुनं कुलूप उघडायचं आणि आमचं लावायचं."

"घर कुणाचं असतं?"

"बँकेचं."

"तसं नाही. राहतं कोण?"

"कोणी नाही. रिकामंच असतं." मऊसाहेबानं फाईलच्या कडेवरून बोट फिरवलं. "बहुतेक."

मग त्यानं रक्कम सांगितली. काम असो-नसो, दर महिन्याच्या पाच तारखेला एक ठरलेला आकडा खात्यात. वर प्रत्येक दारामागे वेगळे. आणि पत्र. बँकेच्या छापील कागदावर, शिक्क्यासह, 'सदर कारागीर आमच्याकडे नियमित काम करतात.'

अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. इथे तर समोर गाढव नव्हतं, खुर्ची पुसून बसणारा सभ्य माणूस होता. कुलूपवाल्यानं हो म्हटलं.

पहिलं दार गोदामाचं निघालं. आत उंदीर आणि फाटके खोके. दुसरंही तसंच, एक बंद पडलेलं दुकान. पाच तारखेला खात्यात पैसे आले, आणि बायकोनं पासबुक उघडून त्या छापील ओळीवर अंगठा ठेवला. "बघा," ती म्हणाली, "आपल्या नावापुढे पहिल्यांदा कुणीतरी ठरवून पैसे टाकलेत."

तिसरं दार राहत्या घराचं होतं. घर रिकामं होतं, पण रिकामं होऊन फार वेळ झाला नव्हता. दोरीवरचे कपडे अजून दमट होते. खिडकीशी शिलाई मशीन होतं, आणि सुईखाली एक निळा झगा, एक बाही लावलेला. दुसरी बाही जमिनीवर पडली होती. मऊसाहेब यादी सांगत होता आणि बरोबरचा कारकून लिहून घेत होता: मशीन एक, खुर्ची एक, घड्याळ एक, चालू. टेबलावर एक पिवळी फाईल होती. कुलूपवाल्यानं नको नको म्हणत तिचं वरचं पान वाचलं. 'उत्पन्नाचा दाखला. व्यवसाय: शिवणकाम, स्वतंत्र.'

त्यानंतर त्याला ते दिसायलाच लागलं. एका घरात दाढी करायची उंच खुर्ची. एका घरात भिंतीएवढा फळा आणि त्यावर अर्धवट सोडवलेलं गणित. एका घरात खुंटीला टॅक्सीवाल्याची टोपी. पगारदाराचं घर एखादंच निघायचं. बाकी सगळे त्याच्यासारखे, ज्यांना महिन्याला किती मिळतं ते कुणालाच, त्यांना स्वतःलाही, नीट सांगता येत नसे, आणि तरी कुणीतरी ते कागदावर बेधडक लिहून दिलं होतं.

चौथ्या महिन्यात एका दाराचं कुलूप त्यानं उघडलं, दार ढकललं, आणि ते चार बोटं उघडून अडकलं. आतून साखळी होती. फटीत एक म्हातारा डोळा आला.

पोलिसानं पाय मागे घेतला.

"आजी," मऊसाहेब त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "जरा साखळी काढता का?"

डोळा मऊसाहेबाकडे गेलाच नाही. तो कुलूपवाल्याच्या हातातल्या तारांवर थांबला होता. "तू कुलूपवाला ना रे?" म्हातारी म्हणाली. "तुला कुणी चुकीचं सांगितलं, बाळा. माझ्या किल्ल्या हरवल्या नाहीत. ह्या बघ." आणि फटीतून तिनं खरंच किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला.

त्या दिवशी कोर्टाचा माणूस तारीख वाढवून परत गेला, आणि आठवड्यानं पुन्हा गेले तेव्हा म्हातारीला तिच्या मुलानं नेलेलं होतं. साखळी लोंबत होती. कुलूपवाल्याला काहीच करावं लागलं नाही. दाराचे पैसे मात्र पूर्ण मिळाले.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "मी हे सोडतो."

बायको एका आजारी माणसाकडून नुकतीच आली होती आणि साबणानं कोपरापर्यंत हात धूत होती. ती वळली नाही. "तुम्ही नाही गेलात तर ते दार बंद राहणार आहे का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मी मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसते आणि दिवसाचे पैसे घेते. म्हणून मी मारते का त्यांना?" तिनं हात पुसले आणि मग आवाज खाली आणला. "दोन नोंदी राहिल्या. दोन. मग सोडा की. मी काय जन्मभर करा म्हणतेय?"

शेजारच्या खोलीत वडील वही घेऊन बसले होते. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं होतं. गेल्या काही महिन्यांत तिथे जागोजागी एकच गोल शिक्का उमटला होता. जांभळा, प्रत्येक वेळी सारखा.

"ह्या घरवाल्याची सही कुठाय?" म्हातारा मोठ्यानं म्हणाला. ऐकू येत नसल्यामुळे तो सगळंच मोठ्यानं म्हणायचा.

"बँकेची आहे, बाबा. घर बँकेचं आहे."

"बँक तिथे राहत होती?"

कुलूपवाल्यानं कोर्टाच्या हुकमाचं सांगायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्याला निम्मं ऐकू आलं नसेल, पण कळायचं ते कळलं. त्यानं वही मिटून मुलाच्या हातात दिली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं वही कधी मागितली नाही.

सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला मऊसाहेबानं पुढच्या दाराचा कागद पाठवला. कुलूपवाल्यानं पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग दुकानातल्या स्टुलावर बसून तो बराच वेळ समोरच्या कोऱ्या किल्ल्यांकडे बघत राहिला. पत्ता त्याला पाठ होता. काचवाल्याचा.

आदल्या दिवशी दुपारी तो तिथे गेला. काचवाल्यानं दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "म्हणजे तूच येणार होय. ये, बस."

बसायला काही नव्हतं. सामान हललेलं होतं. दोघं जमिनीवरच टेकले. खिडक्यांना सगळीकडे काचवाल्याच्या हातच्या काचा होत्या, आणि ऊन इतकं स्वच्छ आत येत होतं की भिंतीवरची खिळ्यांची भोकंसुद्धा मोजता आली असती.

"बायकोला बहिणीकडे पाठवलं," काचवाला म्हणाला. "हप्ते कधीपासून थकत होते. कागदावरचा मी काय कमवायचा रे! पण हप्ता त्याच्याकडून नाही, माझ्याकडून घ्यायचे."

"मला बोलला असतास."

"काय बोलायचं? तू पैसे दिले असतेस?"

कुलूपवाला खाली मान घालून म्हणाला, "मी उद्या येत नाही. सांगतो त्यांना, दुसरा बघा म्हणून."

"कितवी नोंद तुझी?"

त्याला कुठून कळलं, देव जाणे. अशा गोष्टी गल्लीत पसरतात. "सहावी," कुलूपवाला म्हणाला.

काचवाला हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. "मग येडा आहेस का? दुसरा येईल तो ड्रिल लावेल. चौकट फाडेल. हे दार मी स्वतः पॉलिश केलंय, तीन हात. तू ये, आणि नीट उघड."

"तू किल्लीच देऊन टाक ना मग माझ्याकडे."

"नाही." काचवाल्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "ते घेणार असतील तर घेऊ देत. मी माझ्या हातानं देणार नाही. उद्या सकाळी मी कुलूप लावणार, आणि लावून जाणार, जसा रोज कामाला जातो तसा."

दुसऱ्या दिवशी दारासमोर पोलीस, कारकून, मऊसाहेब असे सगळे जमले. जिन्यात शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. कुलूपवाला गुडघ्यांवर बसला, एका हातानं वाकवलेली पट्टी धरली आणि दुसऱ्या हातानं तार आत सरकवली. आत काय कुठे आहे ते त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. पण तार निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. दहा मिनिटं गेली, मग वीस.

"आज वेळ लागतोय, मिस्त्री," मऊसाहेब त्याच्या कानाशी वाकून म्हणाला.

"चांगलं कुलूप आहे."

"कुणी बसवलंय एवढं चांगलं?"

कुलूपवाला थांबला. "मी."

मऊसाहेबानं कुलूपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच, जसा थोरला भाऊ ठेवतो. "मग तर तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसणार," तो म्हणाला, आणि हात काढला नाही. तो हात खांद्यावर असतानाच कुलूप उघडलं.

आत काही नव्हतं. फरशी झाडून-पुसून ठेवलेली होती. कारकुनानं यादीत लिहिलं, 'काही नाही.' पॉलिशला ओरखडाही येऊ न देता कुलूपवाल्यानं जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं, आणि वहीवर जांभळा शिक्का घेतला.

पाच तारखेला सहावी नोंद आली. बारा दिवसांनी मॅडमचा फोन आला की कर्ज मंजूर झालंय. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी एकोणीस ठिकाणी सह्या घेतल्या आणि प्रत्येक सहीच्या आधी बोटानं जागा दाखवली. शेवटच्या पानावर मात्र त्यांचं बोट जरा रेंगाळलं.

"हे एकदा वाचून घ्या. तुमचं कर्ज ह्या ठरलेल्या कामाच्या आधारावर आहे. काम चालू राहील असं वसुलीच्या साहेबांनी लिहून दिलंय. बंद झालं तर तुम्ही आम्हाला कळवायचं. मग सगळं पुन्हा तपासावं लागेल."

"तपासलं की काय होतं?"

"काम चालू आहे ना तुमचं?" मॅडम म्हणाल्या. "मग कशाला विचार करता?"

त्यानं सही केली. मुदत वीस वर्षांची होती. ती संपेल तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा असणार होता.

घर नावावर झालं. बायकोनं भिंतींना रंग दिला, मुलीनं स्वतःच्या कोपऱ्याला पडदा लावला. काम सोडायचं कुणी बोललं नाही. पहिल्या महिन्यातच हिशेब उघडा पडला होता. किल्ल्यांच्या धंद्यात घर चालायचं, आणि हप्ता भागायला मऊसाहेबाचा ठरलेला आकडा अधिक दोन दारं लागायची. महिन्याला दोन दारं. एक कमी पडलं तर बायकोला जास्तीची पाळी घ्यावी लागे.

पूर्वी फोन वाजला की कुलूपवाला तो बराच वेळ वाजू द्यायचा. आता वीस तारीख उलटली आणि फोन वाजला नाही की तो सारखा खिशातून काढून बघायचा. एकदा दुकानात बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की मागच्या गल्लीत राहणाऱ्या न्हाव्याचं समोरचं दुकान सलग तीन दिवस बंद आहे, आणि आपण ते दिवस मोजतोय. तो उठून वर गेला, माठातलं पाणी प्यायला, आणि वडिलांजवळ जाऊन बसला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली. बायकोनं नवऱ्याला न विचारता काचवाल्याला बोलावलं. "त्याला तेवढंच काम," ती म्हणाली. तिलाही कुठेतरी टोचत असावं.

काचवाला सकाळी अकराला आला. तो आता मेहुणीच्या घरी एका खोलीत राहत होता, आणि दुकान सोडून पिशवी घेऊन दारोदार काम करत होता. त्यानं माप घेतलं, जमिनीवर जुनं पोतं अंथरलं, काच ठेवली आणि हिऱ्याच्या पेननं एक सरळ रेघ ओढली. करकर आवाज खोलीभर झाला. कुलूपवाला दारात उभा राहून बघत होता.

"किती द्यायचे?" शेवटी त्यानं विचारलं.

काचवाल्यानं नेहमीचाच भाव सांगितला. ना कमी, ना जास्त. "पावती देऊ? तुला लागत असतील ना कागद."

"नको."

"घे रे. ठेवावेत माणसानं." काच चौकटीत बसवून तो कडेनं पुट्टी दाबू लागला. अंगठ्यानं, हळूहळू, एकसारखी.

तेवढ्यात कुलूपवाल्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून पाहिला. मऊसाहेब. तारीख बावीस होती, आणि त्या महिन्यात दार एकच झालं होतं. तो फोन हातात धरून उभा राहिला. फोन वाजत राहिला. बायको ओट्याशी उभी होती, तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा पाठ केली.

"घे," काचवाला खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "हप्ता आहे ना?"

त्यानं फोन कानाला लावला. "हो, साहेब. सांगा पत्ता." खिशातली पेन्सिल काढून त्यानं दाराच्या नव्या रंगावरच बारीक अक्षरात लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. "पुन्हा सांगा," तो म्हणाला, आणि पुन्हा ऐकून उरलेलं लिहिलं.

काचवाल्यानं पुट्टीवरून शेवटचा अंगठा फिरवला. "लांब आहे?"

"नाही," कुलूपवाला म्हणाला. "मागच्याच गल्लीत."